एआरमधली खूण रोज बाजूच्या झाडावर सरकते? आधी ती कशी सरकते ते पाहा

मंडळी, आमच्या वरूड-मोर्शीकडं ज्यांनी ज्यांनी मोबाइलच्या एआरमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यात दिसणाऱ्या वावरावरच पाट्या-बाण दाखवणाऱ्या सोयीत, झाडांना खुणा लावायला घेतल्या त्या सगळ्यांची मी एकच तक्रार ऐकून राहिली, काल झाडावर बरोबर दिसणारी खूण आज बाजूच्या झाडावर असते, परवा धुऱ्यावर म्हणजे बांधावर, आणि एखाद्या दिवशी पार आभाळात. अ‍ॅप काढून पुन्हा टाकलं, फोन बंद-चालू केला, दोन दिवस बरं चाललं, मग पुन्हा तेच. माझं पण दीड वर्ष असंच गेलं. आता बऱ्यापैकी ताब्यात आलं म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवते. लांब होईल पण पूर्ण वाचा, कारण यात कारण एक नाही, पाच-सहा आहेत, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला चालत नाही.

आधी आमचं काय आहे ते सांगते. दोन एकर संत्रा, २२० च्या आसपास झाडं, ६ बाय ६ मीटरवर लावलेली. फोनचा कॅमेरा झाडाकडं धरला की स्क्रीनवर त्या झाडाच्या डोक्यावर छोटी पाटी दिसते, कलम कधी लावलं, मागच्या आंबिया बहाराला माल किती निघाला, डिंक्या (खोडातून डिंक गळायचा रोग) आहे का, औषध कधी दिलं. दुसरं म्हणजे जमिनीखालची पाइपलाइन. ती मामाजींनी गाडली तेव्हा मी या घरात आली पण नव्हती, ती कुठून वळते, कुठं जोड आहे, कोणता व्हॉल्व्ह मातीखाली दबला हे फक्त त्यांच्या डोक्यात होतं. त्यांना सोबत घेऊन वावरभर फिरली आणि ते सगळं फोनमध्ये उतरवलं, आता वावरात उभं राहून फोन धरला की बाण दिसतो, इकडं चला, इथं खाली जोड आहे. याची किंमत ज्यानं फुटलेला जोड शोधायला चार जागी खड्डे खोदले त्याला विचारा.

आता झालं काय, मागच्या पावसाळ्याच्या तोंडावर एका झाडाला डिंक्या दिसला. मी त्याला लाल खूण लावली, कामावर आलेल्या ताईच्या हाती फोन दिला आणि सांगितलं, लाल पाटी दिसते त्या झाडाचं खोड खरवडून बोर्डो मलम लावा. तिनं बिचारीनं अगदी तसंच केलं. संध्याकाळी मामाजी बगीच्यात चक्कर मारून आले आणि म्हणाले, "सुनबाई, मलम तं चांगल्या झाडाले लागलं वो. दुखणं बाजूच्याले हाये." मी फोन घेऊन धावत गेली, तर पाटी खरंच बाजूच्या झाडावर लटकलेली. बरं झालं मामाजींनी पाहिलं, नाहीतर ते झाड पूर्ण पावसाळा तसंच राहिलं असतं. ताईची चूक नव्हती, माझी होती, आणि मला ते फार लागलं.

त्या रात्री बसून हिशेब केला. चांगल्या फोनचं जीपीएस मोकळ्या आभाळाखाली साधारण ५ मीटर इकडंतिकडं असतं, हे चांगल्या दिवसाचं. आमच्या दोन झाडांत अंतर ६ मीटर. म्हणजे नुसत्या जीपीएसवर फोनला हे झाड की ते झाड हे कळायची सोयच नाही, मी त्याला जे विचारत होती ते त्याच्या ताकदीबाहेरचं होतं. संत्र्याची पानं दाट, दहा-बारा वर्षांच्या झाडांच्या फांद्या एकमेकींना भिडलेल्या, धुऱ्यावर सागवान, त्यात सिग्नल पानाखोडावर आदळून फिरून येतो, मग ५ चे ८-१० मीटर व्हायला वेळ लागत नाही.

काही जण म्हणतात, मग शहरात ते गूगल मॅप्सचं लाइव्ह व्ह्यू कसं बरोबर बाण दाखवते? ते २०१९ मध्ये आलं, आणि ते फक्त जीपीएसवर चालत नाही. कॅमेऱ्यात दिसणारी इमारत, दुकानाची पाटी, हे सगळं ते स्ट्रीट व्ह्यूच्या, म्हणजे गूगलच्या गाडीनं रस्त्यानं फिरून आधी काढून ठेवलेल्या फोटोंशी जुळवून पाहते आणि त्यावरून तुम्ही नेमके कुठं उभे आहात ते काढते. २०२२ मध्ये गूगलनं हीच सोय अ‍ॅप बनवणाऱ्यांना पण दिली. पण त्याच वर्षी भारतात स्ट्रीट व्ह्यू सुरू झालं ते १० शहरांत, त्यात आपल्या राज्यातली मुंबई, पुणे, नाशिक आणि अहमदनगर (आताचं अहिल्यानगर), विदर्भातलं तेव्हा एकही नव्हतं. आणि समजा गाडी आपल्या गावच्या रस्त्यानं फिरली तरी ती बगीच्याच्या आत कशाला येते? तर वावरात त्या अ‍ॅपजवळ जुळवायला फोटोच नसतो, ते चुपचाप जीपीएस आणि होकायंत्रावर येते आणि स्क्रीनवर बाण तसाच ठसठशीत दिसत राहतो. बाण ठसठशीत आहे म्हणून तो बरोबर आहे असं समजू नका, मी हेच समजत होती.

आता मुद्द्यावर येते. खूण चुकली की लगेच खूण हलवून नीट करायच्या मागं लागू नका, मी ते करून करून सगळा डेटा बिघडवला होता. आधी ती कशी चुकते ते पाहा. त्यासाठी वावरात एक जागा पक्की ठरवा जी कधी हलत नाही, आमची विहिरीची पूर्वेकडची कोपऱ्याची दगडी पायरी आहे. तिथं एक खूण लावा आणि रोज काम सुरू करायच्या आधी तिथं उभं राहून ती खूण पायरीवर दिसते का ते पाहा, आणि मग तिथूनच दूरच्या दोन-तीन खुणा पाहा.

सगळ्याच खुणा एकाच दिशेनं तेवढ्याच सरकल्या असतील, समजा सगळ्या चार पावलं उत्तरेला, तर जागा चुकली, म्हणजे जीपीएस. जवळची बरोबर पण जितकी दूर तितकी जास्त चुकते, जणू पूर्ण वावर विहिरीभोवती थोडं फिरवलं, तर दिशा चुकली, होकायंत्र. सुरुवातीला सगळं बरोबर आणि दहा मिनिटं फिरल्यावर हळूहळू सरकलं, तर कॅमेऱ्याची पकड सुटून राहिली. वरखाली झालं तर उंचीचा घोळ. आणि बाकी सगळ्या बरोबर, दोन-चारच चुकीच्या, तर फोनला काही म्हणू नका, त्या दोन-चार खुणा लिहितानाच चुकल्या.

दिशेपासून सुरू करते कारण माझ्याकडं सर्वात जास्त त्रास तिचाच होता आणि उपाय सर्वात सोपा निघाला. दिशा १० अंशानं चुकली तर ५० मीटरवरची खूण जवळपास ९ मीटर बाजूला जाते, म्हणजे दीड झाड. आणि १० अंश चुकायला काही लागत नाही. आमचे भाऊजी गाडीच्या टाकीवर फोन ठेवून बाण पाहायचे, त्यांना रोज चुकायचा. बोअरची लोखंडी केसिंग, स्टार्टरची पेटी, डीपीचं धूड, ट्रॅक्टर, काटेरी तारेचं कुंपण, या कशाहीजवळ उभं राहून फोन चालू केला तर होकायंत्र लोखंडाकडं ओढलं जाते आणि अ‍ॅप तीच दिशा धरून बसते, मग तुम्ही बगीच्यात आत गेले तरी चूक सोबत येते. मी रोज मोटर सुरू करायची आणि तिथंच स्टार्टरपाशी अ‍ॅप उघडायची! आणि सर्वात वाईट म्हणजे फोनचं ते झाकण, ज्याच्या फ्लॅपमध्ये चुंबक असतो, ते कव्हर तर काढूनच टाका. लोखंडापासून वीस-पंचवीस पावलं दूर जा, फोन हवेत इंग्रजी आठासारखा चार-पाच वेळा फिरवा, मग अ‍ॅप उघडा, आणि उघडल्यावर मोकळ्या जागेतून दहा-पंधरा पावलं सरळ चाला. चालताना नकाशातला निळा ठिपका ज्या दिशेनं सरकतो आणि फोन ज्या दिशेला तोंड दाखवतो, ते दोन्ही जुळलं पाहिजे. नाही जुळलं तर पुन्हा करा. कोणी म्हणेल चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर वेगळी असते म्हणून चुकते, आपल्या भागात तो फरक एका अंशाच्या आतच आहे, त्याच्या मागं लागू नका.

जीपीएसचं म्हणाल तर फोनमधल्या तीन गोष्टी आधी पाहा. बॅटरी सेव्हर बंद करा, तो चालू असला की फोन लोकेशनवर पण काटकसर करतो. लोकेशनची परवानगी 'अचूक' आहे का ते पाहा, कारण अँड्रॉइड १२ पासून अ‍ॅपला परवानगी देताना 'अंदाजे' असा पण पर्याय येतो आणि तो दाबला गेला तर अ‍ॅपला तुमची जागा साधारण ३ चौरस किलोमीटरच्या घेऱ्यात कळते, यात वावर काय आख्खं गाव बसते. आमच्या शेजारच्या काकांचं दोन महिन्यांचं दुखणं या एका बटणात होतं. तिसरं, घाई करू नका. जीपीएसला इंटरनेट लागत नाही, पण इंटरनेट असलं की उपग्रहांची माहिती फोनला लवकर मिळते, आणि वावरात नेटवर्कची दांडी गुल असली तर ती माहिती फोनला उपग्रहाकडूनच हळूहळू घ्यावी लागते. एकेका उपग्रहाची स्वतःची माहिती ३० सेकंदांत एकदा येते आणि सगळ्या उपग्रहांची मोठी यादी पूर्ण यायला साडेबारा मिनिटं लागतात. म्हणून घरून निघतानाच, नेट आहे तिथंच, नकाशा उघडून ठेवा, आणि वावरात पोचल्यावर झाडाखाली नाही तर मोकळ्या आभाळाखाली दोन-तीन मिनिटं थांबा. नवीन फोन घ्यायचा असेल तर उपग्रहांचे एल-१ आणि एल-५ असे दोन्ही सिग्नल पकडणारा घ्या, झाडीत फरक पडतो.

आणि खूण लावतानाच एकदा उभं राहून एकदाच ठोकू नका. मी आता पाइपलाइनच्या प्रत्येक जोडावर वेगवेगळ्या दिवशी, सकाळी एकदा दुपारी एकदा, असे पाच-सहा वेळा आकडे घेते आणि त्यांची सरासरी लावते. उपग्रह आभाळात फिरत असतात, सकाळची चूक आणि दुपारची चूक सारखी नसते, म्हणून सरासरी बरीच जवळ येते. घरी बसून उपग्रहाच्या फोटोवर बोट ठेवून जागा घेऊ नका, तो फोटो स्वतःच काही मीटर सरकलेला असू शकतो, विहिरीच्या पायरीवर तपासलं की लगेच दिसते.

उंचीचा घोळ मला समजायला सर्वात जास्त वेळ लागला आणि खरं सांगू का, समजल्यावर मजा पण सर्वात जास्त वाटली. माझ्या काही खुणा थेट आभाळात, इतक्या वर की फोन डोक्यावर धरावा लागे. कारण असं की उंची मोजायच्या दोन रीती आहेत. एक समुद्रसपाटीपासून, जी आपल्या सगळ्यांना माहीत आहे. दुसरी, जीपीएस ज्या गुळगुळीत अंडाकार पृथ्वीचा हिशेब धरते तिच्यापासून. या दोन्हीत फरक पडतो कारण पृथ्वीचं गुरुत्व सगळीकडं सारखं नाही, आपल्या देशाखाली समुद्रसपाटी त्या हिशेबाच्या पृष्ठभागापेक्षा बरीच खाली आहे, श्रीलंकेच्या दक्षिणेला तर १०० मीटरच्या वर खाली, समुद्रसपाटीचा असा जगातला सर्वात खोल खळगा तिथंच आहे. विदर्भात हा फरक ५० मीटरपेक्षा जास्त येतो. मी नकाशावरून समुद्रसपाटीची ४०० मीटर उंची उचलून टाकली, अ‍ॅप दुसऱ्या रीतीनं वाचून राहिलं, खूण गेली पन्नास-साठ मीटर वर. उपाय एकच, उंचीचा आकडा हातानं टाकूच नका. अ‍ॅपमध्ये 'जमिनीपासून' असा पर्याय शोधा आणि झाडाला दीड मीटर, व्हॉल्व्हला शून्य टाका.

लिहितानाच्या चुका लवकर सांगते. मी सगळ्या झाडांचे अक्षांश-रेखांश एका शीटमध्ये ठेवले होते आणि शीटनं मला न विचारता दशांशाचे चारच आकडे ठेवले. चौथा आकडा म्हणजे जमिनीवर ११ मीटर, पाचवा म्हणजे साधारण १ मीटर, तर चारवर तोडलं की दोन-दोन झाडं एकाच जागी येतात. सहा आकडे ठेवा. प्लस कोड (गूगलचा जागा सांगणारा छोटा कोड) वापरत असाल तर नेहमीच्या १० अक्षरांच्या कोडाचा चौकोन १४ बाय १४ मीटरचा असतो, घरी पाहुणा बोलवायला ठीक, झाडाला नाही. अक्षांश आणि रेखांश उलटे टाकले तर वरूडचं वावर थेट उत्तर ध्रुवाकडं स्वालबार्ड बेटांच्या आसपास जाते, ती चूक निदान लगेच कळते. कळत नाही ती अंश-मिनिटांची, २१ अंश २८ मिनिटं याला २१.२८ लिहिलं तर खूण २० किलोमीटर दक्षिणेला जाते आणि माणूस म्हणतो अ‍ॅपमधून खूण गायबच झाली.

आता कॅमेऱ्याची पकड. फोन आतून काय करतो तर कॅमेऱ्यातले ठळक बिंदू धरून ठेवतो, दगड, खोडाची साल, ढेकूळ, आणि हातातला फोन किती हलला हे आतल्या सेन्सरवरून मोजतो, दोन्ही जुळवून तुम्ही किती पावलं कुठं गेले ते काढतो. बिंदू हलले की याचा हिशेब बिघडतो. वारा सुटला आणि कॅमेरा पानांकडं धरला की सगळे बिंदू हलतात, म्हणून चालताना फोन थोडा खाली धरा, खोड आणि जमीन दिसली पाहिजे, पानं नाही. फवारणी केलेल्या हातानं फोन धरला की काचेवर औषधाचा पातळ थर बसतो, लेन्स पुसा, खरंच सांगते निम्मा त्रास तिथंच जातो. फोन चालू ठेवून तो खिशात टाकू नका, कॅमेरा आंधळा झाला की तो पावलं मोजायचं विसरतो. आणि मे महिन्यात दुपारी तर नकोच, इकडं पारा ४५ च्या वर आणि कंपन्या स्वतः फोन वापरायला ३५ अंशांपर्यंतची हवा ठीक म्हणतात, फोन तापला की तो स्वतःला वाचवायला हळू चालतो आणि खूण लडबडते. सकाळी नऊच्या आत काम उरकते मी.

हे सगळं करून पाइपलाइनचं काम निभते, एक-दीड मीटरचा फरक पडला तरी फावडं तेवढं खोदून घेते. झाडाचं मात्र निभत नाही, तिथं जीपीएसला फक्त बगीच्यापर्यंत पोचवायला वापरा आणि पुढं ओळखीची वस्तू जमिनीवरच लावा. मी प्रत्येक ओळीच्या दोन्ही टोकांना बांबूच्या खुंटीवर छोटी पाटी लावली. ओळीत शिरताना कॅमेऱ्यानं ती पाटी ओळखली की अ‍ॅप तिथून मोजायला सुरू करते, पहिलं झाड ६ मीटरवर, दुसरं १२ वर, आणि दुसऱ्या टोकाला पाटी पुन्हा ओळखली की साचलेली चूक पुसली जाते. उपग्रहाचा काही संबंधच राहत नाही. हे केल्यापासून लाल पाटी चुकीच्या झाडावर एकदाही गेली नाही.

पाटी बनवताना मी तीनदा चुकली ते वाचवते तुम्हाला. अँड्रॉइडमध्ये जी सोय आहे तिला चित्र कमीत कमी १५ बाय १५ सेंटीमीटरचं आणि सपाट लागते, आणि पहिल्यांदा ओळखताना ते कॅमेऱ्याच्या चौकटीचा चौथा भाग तरी भरलं पाहिजे, म्हणून जवळ जाऊनच धरा. सगळ्या पाट्यांवर एकच डिझाइन आणि फक्त नंबर वेगळा, हे चालत नाही, फोन गोंधळतो. मी प्रत्येक ओळीला वेगळा फोटो दिला, एका ओळीला बैलजोडीचा, एकीला आमच्या अंगणातल्या तुळशीचा, एकीला पोळ्याच्या मखराचा. याचा एक फायदा असा झाला की आता कामावरच्या बाया पण म्हणतात, तुळशीच्या ओळीत सातवं झाड, फोन नसला तरी जागा कळते. चमकदार फ्लेक्स घेऊ नका, उन्हात चकाकते आणि काहीच दिसत नाही, मॅट घ्या. तोंड उत्तरेकडं ठेवा म्हणजे रंग कमी उडतो. बोर्डो फवारला की निळे ठिपके बसतात, त्या दिवशीच ओल्या फडक्यानं पुसा. आणि वानरं. वानरांनी पहिल्या आठवड्यात सहा पाट्या उपटल्या, आता खुंटी दोन फूट आत ठोकून पाटी गुडघ्याइतक्याच उंचीवर बांधते, तेव्हापासून त्यांचं लक्ष जात नाही.

काही अ‍ॅप जागेचं चित्र सर्व्हरवर ठेवून खूण अडकवतात, त्यात एक पाहून घ्या की खूण किती दिवस टिकते. गूगलच्या अशा सोयीत अ‍ॅप बनवणाऱ्यानं साधी पद्धत घेतली तर खूण २४ तासच राहते, पुढची पद्धत घेतली तर ३६५ दिवसांपर्यंत. "रोज सकाळी खुणा गायब" असं ज्यांचं आहे त्यांचं कारण हेच असू शकते. आणि छाटणी झाली, पावसानंतर गवत वाढलं की जुन्या चित्राशी वावर जुळत नाही, म्हणून बगीच्यासाठी हा प्रकार मला तरी पटला नाही.

एक गोष्ट हात जोडून सांगते. या खुणा दाखवून कोणाशी धुऱ्याचा वाद घालू नका. आमच्याच भागात एकानं स्क्रीनवरची रेघ दाखवून शेजाऱ्याला म्हटलं तुमचं कुंपण तीन मीटर माझ्यात आहे, आणि दोन घरांचं बोलणं बंद झालं. ती रेघच ५ मीटरच्या चुकीची! हद्द पाहायची तर भूमी अभिलेखची मोजणी मागवा, ते रोव्हर नावाचं उपग्रहावरून मोजायचं यंत्र वापरतात, त्याची चूक सेंटीमीटरमध्ये असते.

रात्रीचं मात्र मला अजून जमलं नाही. थ्री फेज लाइन आठवड्यातले काही दिवस रात्रीच मिळते, ओलीत तेव्हाच करावं लागते, आणि अंधारात कॅमेऱ्याला धरायला बिंदूच दिसत नाही, टॉर्च मारला तर सावल्या आपल्यासोबत चालतात आणि फोन त्यांनाच खोड समजतो. म्हणून कोणत्या ओळीचा व्हॉल्व्ह कुठं, विहिरीच्या पायरीपासून किती पावलं, हे मी एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून प्लास्टिकमध्ये घालून स्टार्टरच्या पेटीच्या दाराला आतून चिकटवलं आहे. पावलं मामाजींची मोजली, कारण रात्री तेच जातात.